मुलांच्या हातची भेट

आज मी शाळेतल्या मुलांनी हाताने केलेल्या भेटवस्तूंविषयी चार गोष्टी सांगणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, हा काय रेडिओवर बोलण्याचा विषय झाला? चार काड्या, दोन पाने आणि थोडा डिंक घेतला की झाली भेट तयार! पूर्वी मलाही तसेच वाटे. पण वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीवर एका मुलीने मला एक प्रश्न विचारला, आणि या साध्या गोष्टीकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. तेव्हा त्या प्रश्नापासूनच आरंभ करतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, आणि तिच्यामार्फत महाविद्यालयांची सात दिवसांची शिबिरे खेड्यापाड्यांत भरतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. असेच आमचे एक शिबिर काही वर्षांपूर्वी वेल्ह्याकडे होते. बरोबर वीस विद्यार्थी. जाताना आम्ही शहरात वर्गणी काढून वह्या, पेन्सिली आणि दप्तरे घेतली होती. शेवटल्या दिवशी वाटपाचा कार्यक्रम झाला. मुले रांगेत उभी राहिली, एकेक पुढे आली, दोन्ही हात पुढे करून वही घेऊन गेली. फोटो निघाले. टाळ्या झाल्या. आम्ही मनातून खूश होतो.

संध्याकाळी सामान बांधत होतो, तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "सर, तुमास्नी काय द्यावं? आमच्यापाशी द्यायला काय बी न्हाई."

मी म्हटले, "अगं, आम्हाला काही नको." मोठ्या माणसाने द्यावे तसे ते उत्तर होते. तिचे समाधान झाले नाही. ती खाली मान घालून निघून गेली.

परतीच्या वाटेवर मला ते वाक्य सोडीना. "काय बी न्हाई." कोणत्या मुलखातली मुलगी हे म्हणत होती? समोर तोरणा उभा, पलीकडे राजगड. बांधाबांधावर बांबूची बेटे. खळ्यावर भाताच्या पेंढ्याच्या उडव्या. ओढ्याकाठी चिकणमाती, डोंगराला कारवी, रानात हिरडा, बेहडा, रिठा, पळस. आणि त्या मुलीला वाटत होते, आपल्यापाशी काहीच नाही! असे तिला कोणी शिकवले? दुसऱ्या कोणाचे नाव कशाला घ्यावे? त्या दिवशी सकाळी आम्हीच शिकवले होते. आम्ही देणारे आणि तुम्ही घेणारे, हा धडा आम्ही रांगेत उभे करून दिला होता.

पुढल्या वर्षी आम्ही त्याच वाडीवर गेलो, ते रिकाम्या हातांनी. शाळेच्या गुरुजींना आधी पत्र घातले होते की, या खेपेला वाटप नाही. या खेपेला मुलांनी भेटी करायच्या आणि मुलांनीच द्यायच्या. आमचे विद्यार्थी मदतनीस. त्या सात दिवसांत जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो. श्रोत्यांत शिक्षक बंधुभगिनी असतील, त्यांना काही उपयोग झाला तर आनंद वाटेल.

पहिल्याच दिवशी आमचे चुकले. आम्ही मुलांना विचारले, "काय काय करता येईल?" झाले! पोरांनी अर्ध्या तासात काड्या, पाने, शंख, दगड यांचा ढीग लावला आणि दुपारपर्यंत त्याची घरे, पंखे, फुलदाण्या करून टाकल्या. वस्तू बऱ्या होत्या. पण संध्याकाळी बहुतेक साऱ्या तिथेच पडल्या होत्या. कोणी उचलून घरी नेल्या नाहीत. गुरुजी म्हणाले, "सर, शाळेतल्या हस्तव्यवसायाचं असंच होतं बघा. वस्तू होते, पण तिला धनी नसतो. वर्षभर कपाटात राहते आणि तपासणी झाली की केरात जाते."

गुरुजींचे म्हणणे मला पटले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा गांधीजींचा विचार देशापुढे आला. पुढे १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत, त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक जाणकारांकडून शिकावे, असे सांगितले आहे. म्हणजे विचार जुना आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. तो कागदावर उत्तम आणि वर्गात निर्जीव का होतो? त्याची कारणे अनेक असतील. पण मला एक कारण त्या संध्याकाळी दिसले. आपण मुलाला "काय करशील?" असे विचारतो, "कोणासाठी करशील?" असे विचारीत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही काड्या-पानांना हात लावू दिला नाही. प्रत्येक मुलाने एक माणूस निवडायचा. घरातला नको, वाडीतला किंवा वाडीशी संबंध असलेला. दिवसभर त्या माणसाकडे नीट पाहायचे. त्याला काय लागते, काय आवडते, त्याचे काय मोडले आहे, काय फाटले आहे, ते येऊन सांगायचे. बस्स.

संध्याकाळी मुले जे सांगू लागली ते ऐकून आम्ही थक्क झालो. एक मुलगा म्हणाला, मुक्कामाच्या एस्टीचे ड्रायव्हरकाका रोज रात्री आपल्या वाडीवर झोपतात, पण त्यांना कोणी कधी काही देत नाही. अंगणवाडीच्या ताईंना लहान मुलांना मोजायला शिकवायचे असते, पण मणी पुरत नाहीत, असे दोघींनी पाहून ठेवले होते. आणि तीच ती पाचवीतली मुलगी, आता सहावीत गेलेली. तिने वरच्या आळीतल्या एका म्हातारीची निवड केली होती. म्हातारीची मुले पुण्याला कामाला. घरी ती एकटी. मुलगी म्हणाली, "आजीची चुंबळ पार इरलीया. डोईला हंडा टोचतो तिच्या."

चुंबळ! शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हा शब्दच ठाऊक नव्हता. डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी खाली जे गोल वेटोळे ठेवतात, ती चुंबळ. मग त्या मुलीने ती केली. भाताचा लांब पेंढा घेतला, त्यावर पाणी शिंपडून तो थोडा मऊ केला, पिळून जाड वळ केला, डोक्याच्या मापाने गोल बांधला आणि वरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. पेंढा कोरडा असता तर तुटला असता, फार ओला असता तर आत कुजला असता. हे तिला तिच्या आईने सांगितले. माप घेण्यासाठी ती दोनदा म्हातारीकडे काहीतरी निमित्त काढून जाऊन आली. खर्च एका पैशाचा नाही. पण ही भेट दुकानात मिळत नाही, कारण त्या म्हातारीचे डोके कोणत्या मापाचे आहे, हे दुकानदाराला माहीत नसते.

श्रोतेहो, मला मुख्य सांगायचे आहे ते एवढेच. भेट हातातून तयार होते खरी, पण तिचा आरंभ दुसऱ्याकडे नीट पाहण्यात आहे. पाहणे झाले की वस्तू आपोआप सुचते.

आता त्या सात दिवसांत केलेल्या आणखी दोन-तीन वस्तू कृतीसह सांगतो. शिक्षकांनी हवे तर लिहून घ्यावे.

पहिली वस्तू, बोरू आणि हिरड्याची शाई. भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता हिर्डोशीवरून जातो. हा सारा हिरडस मावळ. नाव ऐकले की हिरड्याची आठवण होते. रानातला हिरडा गोळा करून विकणे हा इथल्या कितीतरी घरांचा जोडधंदा. कोवळा तो बाळहिरडा, औषधाला जातो. पक्का हिरडा कातडी कमावायला आणि रंगाला वापरतात. त्यात जो तुरट अंश आहे, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा फोडलेल्या लोखंडी खलबत्त्याला काळे डाग पडतात ते यामुळेच. ही रसायनशास्त्राची गोष्ट पुस्तकात आठवीनववीला येते. मुलांच्या बोटांना ती आधीच ठाऊक असते.

कृती अशी. दहाबारा पक्के, वाळलेले हिरडे ठेचून आतली बी काढून टाकायची. साल दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी लोखंडी कढईत घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळायचे. मग त्यात पाचसहा गंजके खिळे टाकून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचे. पाणी हळूहळू काळसर होत जाते. फडक्याने गाळून घ्यायचे, त्यात बाभळीचा डिंक सुपारीएवढा विरघळवायचा म्हणजे शाई कागदावर पसरत नाही. दोन लवंगा टाकल्या तर बुरशी लवकर धरत नाही. गंमत अशी की, लिहिताना अक्षर फिकट दिसते आणि वाऱ्याला लागले की थोड्या वेळाने गडद होते. मुले पाटावर वाकून, अक्षर काळे होण्याची वाट पाहत बसली होती. असे एकाग्र मुलांना मी माझ्या तासाला क्वचितच पाहिले आहे! ही शाई पोटात जाऊ द्यायची नाही आणि कपड्याला लागू द्यायची नाही. लागली तर डाग जन्मभराचा, हेही आधीच सांगून ठेवावे.

बोरू ओढ्याकाठच्या बोरूच्या काडीचा करावा, नाहीतर बांबूच्या बारीक, वाळलेल्या फांदीचाही होतो. एक वीत लांबी पुरे. टोक तिरपे कापायचे, कारण देवनागरी अक्षराचे जाड-बारीक वळण त्या तिरपेपणातून येते. मग टोकाच्या मधोमध एक बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई उतरते. हे कापण्याचे काम मोठ्या माणसाचे, मुलांचे नव्हे. मुलांनी ते घासून गुळगुळीत करावे. हे बोरू आणि शाईची बाटली मुलांनी कोणाला दिली, ते शेवटी सांगतो.

दुसरी वस्तू, पिंपळपानाची जाळी. गळून पडलेली, पण न फाटलेली पाने पाण्यात बुडवून ठेवायची. तीनचार आठवड्यांत पानाचा गर कुजून सुटतो आणि शिरांची जाळी शिल्लक राहते. मऊ ब्रशने, नाहीतर बोटाने अलगद धुऊन ती जाड पुस्तकात वाळवायची. पाण्याला वास येतो, म्हणून भांडे वर्गाबाहेर ठेवावे आणि झाकावे, नाहीतर डास होतात. आमच्या गुरुजींनी शिबिराच्या महिनाभर आधीच पाने भिजत घातली होती. पुस्तकात खूण ठेवायला ही जाळी सुंदर. एका मुलाने ती आपल्या आजोळच्या शेजारणीसाठी ठरवली होती. कोणीतरी विचारले, "तिला वाचता येतं का?" तो विचारात पडला. मग त्याने जाळी बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी चिकणमातीची पणती केली. हा मला त्या आठवड्यातला सर्वांत चांगला धडा वाटला, आणि तो कोणी शिकवला नव्हता.

मातीचे काम करताना एक पथ्य आहे. बेंदराला, पोळ्याला घरोघरी मातीचे बैल होतात, त्यामुळे माती मळणे मुलांना नवे नाही. पण नुसत्या चिकणमातीची वस्तू वाळताना तडकते. तिच्यात थोडी बारीक वाळू किंवा भाताचा कोंडा मिसळावा आणि वस्तू उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवावी. न भाजलेल्या पणतीत तेल झिरपते, म्हणून ती कुंभाराच्या भट्टीत भाजून घेता आली तर उत्तम.

तिसरी वस्तू बांबूची. वाडीत एक आबा होते, सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी ते इरली विणीत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसाची पाने दाबून बसवलेली. भातलावणीला वाकलेल्या माणसाची पाठ झाकणारे हे इरले. प्लास्टिकचा कागद आला आणि इरले गेले. आबांना कोणी विचारीत नसे. मुलांनी त्यांना शाळेत आणून बसवले. आबांनी वीतभर लांबीचे इरले विणून दाखवले, आणि म्हणाले, "बांबू कवळा घिऊ नगा. तीन साल झाल्यावरच तोडावा, आनि थंडीत तोडावा. पावसाळ्यात तोडला की भुंगा लागतो." ही गोष्ट खरी आहे. पावसाळ्यात कोंब वाढत असतात, तेव्हा बांबूत पिठाळ अंश जास्त असतो आणि किडीला तोच हवा असतो. आबांना हे कारण कोणत्या पुस्तकाने सांगितले नव्हते. नियम मात्र त्यांना पक्का ठाऊक होता.

बांबूविषयी कायद्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. बांबू हे खरे म्हणजे गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत केलेली होती. २०१७ साली दुरुस्ती होऊन तो शब्द काढला गेला, आणि शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू तोडण्या-नेण्यावरची जुनी अडचण दूर झाली. पण हे बांधावरच्या बांबूचे झाले. वनखात्याच्या जंगलातला बांबू किंवा दुसरे काही परवानगीवाचून आणायचे नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता देखरेखीविषयी. हा भाग मी जरा आवर्जून सांगणार आहे, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली. तिसऱ्या दिवशी बांबूच्या कामट्या काढताना मी एका कोपऱ्यात आबांशी गप्पा मारीत बसलो होतो. तेवढ्यात एका मुलाने कोयती उचलली आणि कामटी सोलताना डाव्या हाताच्या बोटाला खोल कापून घेतले. आरोग्य केंद्रात नेऊन टाके घालावे लागले. मुलाने हूं की चूं केले नाही, त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही. मुले खेड्यातली आहेत, त्यांना कोयतीची सवय आहे, असे म्हणून मी स्वतःची समजूत काढू शकलो असतो. परंतु शाळेच्या आवारात कोयती मुलाच्या हाती लागली, याचा जबाबदार मी होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही काही नियम केले. एका मोठ्या विद्यार्थ्याकडे चारच मुले. धारेचे हत्यार एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या ताब्यात. कापणे आणि भोके पाडणे मोठ्यांनी. घासणे, वळणे, विणणे, रंगवणे मुलांनी. बांबूच्या कडा धारदार असतात, म्हणून आधी त्या काचपेपरने मारून मगच कामटी मुलाला द्यायची. आग पेटवायची तर कढईजवळ एक माणूस कायम बसलेला हवा. आणि गप्पा मारायच्या तर काम आटोपल्यावर!

दुसरा धोका बियांचा. मुलांना रंगीत बिया आवडतात, आणि सर्वांत सुंदर बी म्हणजे गुंज, लाल अंगाची नि काळ्या तोंडाची. सोनार पूर्वी तिने सोने तोलीत. पण गुंज विषारी आहे. तिचे कवच टणक असते तोवर विष आत राहते. माळेसाठी भोक पाडले की कवच फुटले, आणि मग ती लहान मुलाने चावली तर जिवावर बेतू शकते. अंगणवाडीच्या मण्यांसाठी पहिल्यांदा मुलींनी गुंजाच आणल्या होत्या. त्या आम्ही बाजूला काढल्या. एरंडाची बी नको, धोतऱ्याची नको. बिब्ब्याला हात लावायचा नाही, त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. खाजकुयलीच्या शेंगांपासून लांब राहायचे. मग वापरायचे काय? चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत. तेही अगदी लहान मुलांच्या तोंडात जाऊ नयेत, म्हणून मोठ्यांच्या नजरेखाली. शेवटी मुलींनी बोटभर जाडीच्या बांबूच्या कांड्या मोठ्यांकडून कापून घेतल्या, घासल्या, हळदीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात रंगवल्या आणि शंभर कांड्यांची माळ केली. दहा पिवळ्या, दहा काळ्या, अशी. अंगणवाडीच्या ताईंना दशक-शतक शिकवायला याहून चांगले साधन कोणते?

इथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती कुठून परवडणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, फुले हीच साधने केली. परवडत नाही म्हणून काहीतरी हलके दिले, असा तो प्रकार नव्हता. मूल ज्या वस्तूंत वाढते, त्याच वस्तूंतून ते चांगले शिकते, ही त्यामागची समज होती.

आणखी एक नियम आम्ही वाडीकडूनच शिकलो. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी माझे दोघे उत्साही विद्यार्थी वाडीमागच्या दाट झाडीतून वाळलेल्या शेंगा घेऊन आले. मुलांचे चेहरे उतरले. ती देवराई होती. देवराईतले वाळलेले पानसुद्धा उचलायचे नसते, हे तिथल्या पहिलीतल्या मुलाला माहीत होते. पदवीच्या वर्गातल्या माझ्या मुलांना नव्हते. शेंगा जिथल्या तिथे नेऊन ठेवल्या. भोर, वेल्हे, मुळशी या भागांतल्या अशा देवराया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात फिरून पाहिल्या, अभ्यासल्या. बाहेर तुटून गेलेली कितीतरी जुनी झाडे आणि वेली या राखलेल्या तुकड्यांत टिकून राहिल्या आहेत. तेव्हा आमचा नियम असा ठरला: देवराईला हात लावायचा नाही, जिवंत फांदी मोडायची नाही, जमिनीवर पडलेले, खळ्यावर उरलेले, बांधावर मालकाने दिलेले तेवढेच घ्यायचे, आणि पाखरांसाठी, दुसऱ्यांसाठी निम्मे ठेवून घ्यायचे. भेट देण्यासाठी झाड ओरबाडले, तर ती भेट कसली?

सातव्या दिवशी वाटपाचा कार्यक्रम झाला नाही. रांग नाही, टाळ्या नाहीत, फोटोही नाहीत. ज्याची भेट त्याने आपली आपण नेऊन द्यायची, एवढेच ठरले होते. एस्टीच्या काकांसाठी मुलांनी नव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण केले होते. कापणीच्या वेळी गुरुजींनी मूठ मूठ लोंब्या राखून ठेवायला सांगितले होते. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तसेच, पण लहान. काकांनी ते गाडीच्या समोरच्या काचेला आतून बांधले. पुढे ते मला भेटले तेव्हा हसून म्हणाले, "सर, स्टँडवर दार उघडं राहिलं की चिमण्या आत येतात. निम्मं तोरण त्यांनी खाल्लं. पण सुतळी अजून काढली नाही मी."

म्हातारीला चुंबळ द्यायला ती मुलगी एकटीच गेली. मी थोडे दूर उभा होतो. म्हातारीने चुंबळ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, डोक्यावर ठेवली. "बसली गं बाय," एवढेच म्हणाली. मग तिने आत जाऊन मुलीच्या ओंजळीत शेंगा घातल्या. कोण देणारे आणि कोण घेणारे, याचा हिशेब तिथे राहिला नाही.

आणि बोरू-शाई? ती मुलांनी आमच्यासाठी केली होती. वीस विद्यार्थ्यांना वीस बोरू आणि सर्वांत मिळून शाईच्या दोन बाटल्या. ज्या पोराचे बोट कापले होते, त्याने बांधलेल्या बोटानेच माझा बोरू घासला होता. पळसाच्या पानात गुंडाळून त्याने तो मला दिला. तो माझ्या टेबलावर आहे. शाई संपली तेव्हा मी स्वतः कढईत हिरडा उकळला. घरात बराच आरडाओरडा झाला, पण शाई चांगली उतरली.

२०२४ साली राज्य शासनाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय केला. नाव मोठे आहे, आणि ते शोभणारेही आहे. पण त्या तालुक्यातली, भोरमधली, आणि अशाच डोंगरकपारीच्या गावांतली पुष्कळ मुले आजही मनात म्हणतात, आमच्यापाशी काय बी न्हाई. ती शिकून पुण्याला जातील, कारखान्यात, कचेरीत काम करतील. त्यात गैर काही नाही. फक्त जाताना त्यांनी हे वाक्य बरोबर नेऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. आपल्या बांधावरच्या, खळ्यावरच्या वस्तूने आपण कोणाचे तरी काम हलके केले, हा अनुभव ज्या मुलाने घेतला, ते मूल जगात कुठेही गेले तरी हात पसरून उभे राहणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून थांबतो. मोठे प्रदर्शन मांडू नका. तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. आबांसारखे कोणीतरी आपल्या गावात असतेच. येत्या शनिवारी मुलांना एवढेच सांगा की, प्रत्येकाने एक माणूस निवडा आणि दोन दिवस त्याच्याकडे नीट पाहा. सोमवारी मुले काय सांगतात ते ऐका. हत्यारे मात्र कुलपात ठेवा, गुंजा बाजूला काढा, आणि काम चालू असेपर्यंत तिथून हलू नका.